व्हेंट्सपिल्स फुटबॉल क्लब

व्हेंट्सपिल्स फुटबॉल क्लब हा लॅटव्हियातील व्हेंट्सपिल्स या बंदराच्या गावाचा व्यावसायिक फुटबॉल क्लब होता. १९९७ ते २०२१ या चोवीस वर्षांच्या आयुष्यात त्याने देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे, म्हणजे व्हिर्सलीगाचे, सहा वेळा आणि लॅटव्हियन करंडकाचे सात वेळा विजेतेपद मिळवले. एखाद्या युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचलेला तो पहिला लॅटव्हियन क्लब होय. निळा आणि पिवळा हे त्याचे रंग होते.

व्हेंट्सपिल्स हे गाव व्हेंटा नदीच्या मुखाशी, बाल्टिक समुद्राच्या काठावर, राजधानी रीगापासून सुमारे १९० किमी. अंतरावर वसलेले आहे. लिव्होनियन ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने तेराव्या शतकात बांधलेला गढीवजा किल्ला तेथे आजही उभा आहे. हिवाळ्यात सहसा न गोठणाऱ्या या बंदरापर्यंत सोव्हिएत काळात तेलवाहिनी आणली गेली आणि रशियन तेलाच्या निर्यातीवर गाव सधन झाले. सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस सुमारे ५० हजारांवर असलेली लोकसंख्या पुढे घटत जाऊन क्लब बंद पडला त्या सुमारास जेमतेम ३३ हजारांवर आली होती. क्लबच्या कामगिरीचे मोल करताना हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही.

हा क्लब गावातल्याच दोन संघांच्या विलीनीकरणातून निर्माण झाला. एका संघाचे नाव नदीवरून ‘व्हेंटा’ असे होते, तर दुसऱ्याचे ‘नाफ्टा’ म्हणजे खनिज तेल. गावाचे पोट ज्या दोन गोष्टींवर चालत होते, त्याच या दोन नावांत होत्या. नव्या क्लबसमोर स्कोंटो हा रीगाचा क्लब उभा होता. देश स्वतंत्र झाल्यावर १९९१ पासून २००४ पर्यंत सलग चौदा विजेतेपदे त्याने इतर कोणालाही मिळू दिली नव्हती. लॅटव्हियात आइस हॉकीचा लौकिक फुटबॉलहून मोठा, थंडीमुळे फुटबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपणारा आणि देशातला पैसा व खेळाडू राजधानीकडे ओढले जाणारे, अशा परिस्थितीत बाहेरगावच्या संघाने साखळीत वरचे स्थान टिकवणे हीच मोठी गोष्ट होती. व्हेंट्सपिल्सने आधी करंडक जिंकायला सुरुवात केली. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे करंडक गावात आला. लॅटव्हियाचा राष्ट्रीय संघ २००४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी पात्र ठरला, त्या संघात या क्लबचा आघाडीपटू व्हिट्स रिमकुस होता.

ऑगस्ट २००६ मध्ये युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) करंडकाच्या पात्रता फेरीत क्लबची गाठ इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडशी पडली. पहिला सामना व्हेंट्सपिल्सने ०–१ असा गमावला. परतीच्या सामन्यात मात्र सेंट जेम्स पार्क या पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणाऱ्या मैदानावर त्यांनी यजमानांना एकही गोल करू दिला नाही. व्हेंट्सपिल्सचे स्वतःचे मैदान ३,२०० आसनांचे होते. दोन सामन्यांत मिळून एका गोलाने हरलेला हा संघ त्याच वर्षी पहिल्यांदा लॅटव्हियाचा विजेता झाला आणि २००७ व २००८ मध्येही त्याने विजेतेपद राखले. युक्रेनचे प्रशिक्षक रोमन ह्रिहोर्चुक यांनी घडवलेला हा संघ शिस्तबद्ध बचावासाठी ओळखला जाई.

क्लबच्या इतिहासातील सर्वांत भरीव पर्व २००९–१० च्या हंगामाचे आहे. चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या तिसऱ्या पात्रता फेरीत त्याच्यासमोर बेलारूसचा बाते बोरिसोव हा संघ होता. त्याआधीच्याच हंगामात हा संघ चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळलेला असल्याने पारडे त्याच्याकडे झुकलेले होते. व्हेंट्सपिल्सने घरचा सामना १–० असा जिंकला आणि परतीचा १–२ असा गमावला. गोलसंख्या २–२ अशी बरोबरीत राहिली. परंतु त्या काळच्या नियमानुसार अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेले गोल श्रेष्ठ मानले जात असल्याने, बेलारूसमध्ये हरलेल्या सामन्यात केलेल्या त्या एका गोलाने व्हेंट्सपिल्सला पुढे नेले. पुढच्या फेरीत स्वित्झर्लंडच्या एफसी झ्युरिकने त्याला हरवले. मात्र या टप्प्यावर पराभूत होणाऱ्या संघांना युरोपा लीग या तिच्याखालच्या पातळीच्या स्पर्धेच्या गटसाखळीत स्थान मिळत असे, आणि अशा रीतीने एक लॅटव्हियन क्लब प्रथमच तेथे पोहोचला.

गटात पोर्तुगालचा स्पोर्टिंग लिस्बन, जर्मनीचा हेर्टा बर्लिन आणि नेदरलँड्सचा हेरेनव्हेन हे प्रतिस्पर्धी होते. इटालियन प्रशिक्षक नुंत्सिओ झावेत्तिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली पहिलाच सामना १७ सप्टेंबर २००९ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर झाला आणि तो १–१ असा बरोबरीत सुटला. नंतर हेरेनव्हेनविरुद्ध ०–० आणि लिस्बनमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध १–१ अशा आणखी दोन बरोबरी झाल्या. उरलेले तीनही सामने संघाने गमावले. शेवटच्या सामन्यात हेरेनव्हेनने ५–० असा मोठा विजय मिळवला, आणि तीन गुणांसह व्हेंट्सपिल्स गटात तळाला राहिला. तरीही गटातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून त्याने एकेक गुण घेतला होता, ही बाब केवळ गुणतक्ता पाहून लक्षात येत नाही. घरचे म्हणून गणले गेलेले सामने रीगाच्या स्कोंटो स्टेडियमवर खेळवावे लागल्याने गावच्या प्रेक्षकांना आपल्या संघाचे सर्वांत मोठे सामने पाहण्यासाठी प्रवास करावा लागला, याची खंत वाटते. याच हंगामात क्लबने तीनही बाल्टिक देशांतील संघांची बाल्टिक लीगही जिंकली.

त्यानंतर २०११, २०१३ आणि २०१४ मध्ये व्हिर्सलीगाची विजेतेपदे मिळाली. पैकी २०१३ साली साखळी आणि करंडक दोन्ही क्लबकडे होते. २०१७ चा करंडक हे त्याचे शेवटचे मोठे यश ठरले. या काळात लॅटव्हियातील अन्य गावांचे क्लबही वर येत आणि खाली जात होते. दक्षिणेकडील लिएपाया या बंदराचा ‘मेटालुर्ग्स’ हा दोन वेळचा विजेता क्लब तेथील पोलाद कारखान्याशी बांधलेला होता; २०१३ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि त्याच्यामागून क्लबही बंद पडला. एकाच आश्रयदात्यावर उभ्या असलेल्या क्लबची ही नाजूक स्थिती देशभर होती.

व्हेंट्सपिल्सचा शेवट मात्र वेगळ्या कारणाने झाला. २०१८ मधील युरोपा लीगच्या पात्रता फेरीशी संबंधित गैरव्यवहाराच्या प्रकरणात युएफाने जून २०२१ मध्ये क्लबला पुढील सात हंगामांसाठी युरोपीय स्पर्धांतून बाद केले आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांवरही बंदी घातली. लॅटव्हियन क्लबांच्या अर्थकारणात युरोपीय पात्रता फेऱ्यांतून मिळणाऱ्या रकमेचा वाटा फार मोठा असतो आणि प्रायोजकही त्याच आशेने येतात. ती वाट सात वर्षे बंद झाल्यावर क्लबने हंगाम चालू असतानाच व्हिर्सलीगातून माघार घेतली. शिक्षा ज्या कृत्यासाठी झाली, त्याच्याशी मैदानावर घाम गाळणाऱ्या बहुतेक खेळाडूंचा आणि गावातल्या प्रेक्षकांचा काहीही संबंध नव्हता. पण संघ त्यांचाच गेला.

व्हेंट्सपिल्सनंतर एखाद्या युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचण्यासाठी लॅटव्हियन क्लबला २०२२–२३ च्या हंगामापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी कॉन्फरन्स लीग या युरोपातील तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेत हे स्थान मिळवणारा आरएफएस हा क्लब रीगाचा आहे.