थरथरते हात आणि पक्षीनिरीक्षण: एक खुलासा

साठीनंतर हात थरथरतात, चष्मा असतो, म्हणून पक्षीनिरीक्षण जमणार नाही, असं निवृत्तांना सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. बहुतेकदा घोळ दुर्बिणीत असतो. १२ किंवा २० पटीची घेतली, तर थरथरही तितकीच मोठी दिसते. ८×४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली बसवा, नाहीतर दृश्य कडेने कापलं जातं. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने दृश्य डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची फोकसची कडी (रबरी नव्हे) दृश्य स्पष्ट होईपर्यंत फिरवा. ही दुसरी पायरी बहुतेकजण गाळतात आणि डोकं दुखतं म्हणतात!

हिवाळ्यात सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर सकाळी ऊन पाठीशी घेऊन खुर्चीत बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. सुरुवात चक्रवाक या नारिंगी बदकापासून करा.