मोकातलं चॉकलेट नक्की आलं कुठून?

घरी मोका (म्हणजे चॉकलेट आणि दूध घातलेली कॉफी) करायला घेतला की पहिल्यांदा हमखास काय होतं, तर वर कोकोच्या गुठळ्या तरंगतात आणि खाली कॉफी कडूजहर. माझं सलग आठवडाभर हेच चाललं होतं, गरम दुधात चमचाभर कोको टाकायचा, ढवळत बसायचं, आणि शेवटी कंटाळून गाळणीने गाळून जे उरेल ते प्यायचं. मग वैतागून ह्या पेयाचा इतिहास वाचायला घेतला, तर कळलं की गुठळ्यांचा हा त्रास आपल्या आधी बऱ्याच जणांनी काढलाय आणि त्यावर चांगली दीडदोनशे वर्षं डोकंही चालवलंय.

आधी नाव. मोका ह्या शब्दाचा चॉकलेटशी मुळात काही म्हणजे काही संबंध नाही! येमेनमध्ये लाल समुद्राच्या काठावर अल-मुखा नावाचं बंदर आहे, त्याचं युरोपियन तोंडात झालेलं रूप म्हणजे मोका. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रभर जागून जप करायचे तेव्हा कॉफी प्यायचे, आणि पुढे सतराव्या शतकात तर जगभर विकली जाणारी जवळपास सगळी कॉफी येमेनमधूनच जायची. बंदरात अर्थातच कॉफी पिकत नव्हती, तिथे नुसती वाळू आणि ऊन, मळे आत डोंगरात, पण पोत्यांवर नाव बंदराचं लागलं. मग डचांनी जावा बेटावर कॉफी लावली, येमेनची मक्तेदारी गेली, 1839 मध्ये ब्रिटिशांनी येमेनमधलंच एडन बंदर घेतल्यावर व्यापार तिकडे सरकला आणि मोका बंदर पार ओस पडलं. नाव मात्र राहिलं. फ्रान्समध्ये आजही मोका केक म्हणजे कॉफीच्या बटरक्रीमचा केक, त्यात चॉकलेट असलंच पाहिजे असं नाही. येमेनी कॉफीला मुळातच जरा चॉकलेटसारखी चव असते म्हणून पुढे हे नाव चॉकलेट-कॉफीला चिकटलं असं सांगतात, आणि मला ते पटतं.

आता चॉकलेटकडे या. आपण चॉकलेट म्हटलं की वडी डोळ्यासमोर आणतो, पण मेक्सिकोकडच्या जुन्या माया आणि अॅझ्टेक लोकांकडे ते प्यायचंच होतं, आणि सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आलं तेही प्यायचं म्हणूनच. खायच्या चॉकलेटची वडी ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीने काढली ती थेट 1847 मध्ये. म्हणजे त्याआधी शेदोनशे वर्षं युरोपात कॉफी आणि चॉकलेट ही दोन्ही गरम पेयं एकमेकांच्या शेजारी विकली जात होती, दोघांची गाठ पडायला एखादा हौशी गिऱ्हाईक पुरे होता.

ती गाठ पडली इटलीत. तुरीन शहरात बिचेरीन नावाचं पेय मिळतं, कॉफी, घट्ट गरम चॉकलेट आणि वर दुधाची साय, काचेच्या छोट्या ग्लासात थरावर थर. बिचेरीन म्हणजे तिथल्या बोलीत छोटा ग्लासच. ह्याच नावाचा कॅफे तिथे 1763 पासून आहे, आणि त्याआधी बावारेइझा नावाचं असंच पेय होतं ज्यात हे तिन्ही जिन्नस ढवळून एकत्र केलेले असायचे. मिलानमध्ये ह्याचा भाऊ शोभेल असं बार्बायादा. ते डोमेनिको बार्बाया नावाच्या माणसाच्या नावावर आहे, हा गडी आधी कॅफेत काम करायचा आणि पुढे चक्क नेपल्सचं सान कार्लो आणि मिलानचं ला स्काला अशी मोठमोठी ऑपेरागृहं चालवायला लागला. चॉकलेट-कॉफीवरून ऑपेरापर्यंत, काय मस्त करिअर आहे!

पण गंमत बघा, ह्या दोन्हीत एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली घट्ट कॉफी, नव्हता, कारण एस्प्रेसो जन्मालाच यायचा होता. अँजेलो मोरिओंदोने वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं 1884 मध्ये, तेही तुरीनमध्येच. मग 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने त्यात सुधारणा केली. तरी ती वाफेची यंत्रं, दाब जेमतेम दीड बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). अकिले गाज्जाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा ओढून चालणारं यंत्र बाजारात आणलं, दाब आठनऊ बारपर्यंत गेला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, पहिल्यांदा आला. चॉकलेटच्या दृष्टीने ह्याचं महत्त्व काय, तर साध्या फिल्टर कॉफीत विरघळलेला अर्क असतो सव्वा ते दीड टक्का आणि एस्प्रेसोत आठ ते बारा टक्के. पातळ कॉफीत चॉकलेट घातलं की कॉफी हरवते, एस्प्रेसो मात्र चॉकलेटसमोर उभा राहतो.

आणि आता गुठळ्या. कोकोच्या बीमध्ये जवळपास निम्मं तूप असतं, म्हणजे कोको बटर, त्यामुळे जुन्या काळी चॉकलेट पेयावर तवंग यायचा आणि सारखं घुसळावं लागायचं. 1828 मध्ये नेदरलँड्समधल्या कास्पारुस व्हान हाउटेनच्या नावाने प्रेसचं पेटंट आलं, तिने बरंचसं बटर पिळून काढता यायला लागलं आणि उरलेल्या पेंडीची पावडर झाली. मुलाने, कोनराडने, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली म्हणजे पावडर पाण्यात नीट मिसळेल, तोच तो डच प्रोसेस कोको, रंगाने गडद आणि चवीला कमी आंबट. पण मिसळतो म्हणजे विरघळतो असं नाही हं, कोकोचे कण पाण्यात नुसते तरंगत राहतात, आणि कोरडी पावडर एकदम भरपूर द्रवात पडली की बाहेरून भिजते, आत कोरडीच राहते. माझ्या आठवडाभराच्या गुठळ्या त्या ह्याच. म्हणून कपात आधी कोको आणि साखर कोरडीच कालवायची (साखर कण वेगळे ठेवते), त्यावर थोडासाच गरम एस्प्रेसो घालून पेस्ट करायची, मग उरलेला, मग दूध. खरं चॉकलेट वापरत असाल तर उलटं, पुरेसा एस्प्रेसो एकदम घाला, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोनचार थेंबच पाणी पडलं तर ते आवळून दाणेदार होतं.

घरी एस्प्रेसोचं यंत्र नसेल तर? 1933 मध्ये अल्फोन्सो बियालेत्तीने अॅल्युमिनियमचा मोका पॉट काढला, खाली पाणी, मध्ये कॉफी, वर काढा. नाव येमेनच्या त्या बंदरावरून, चॉकलेटवरून नाहीच. दाब एकदोन बारच, त्यामुळे खरा एस्प्रेसो म्हणता येत नाही आणि क्रेमाही नाही, पण चॉकलेटला पुरून उरेल इतकी कॉफी घट्ट येते. (बियालेत्तीच्या मुलाने, रेनातोने, हा पॉट इतका खपवला की 2016 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या.)

मी हल्ली मारोक्कीनो करतो, हेही तुरीनच्या जवळच्याच आलेस्सांद्रियाचं, छोट्या कपात कोको भुरभुरवायचा, त्यावर कॉफी, त्यावर दुधाचा फेस आणि वर परत चिमूटभर कोको. बिचेरीनही एकदा जमवून बघितला, त्यात एकच पथ्य, चमचा लावायचा नाही, थर तसेच ठेवून सायीतूनच प्यायचं.