जुन्या स्कूटरला जाड ऑइल लागतं का?

‘मीटर ५०,००० च्या पुढे गेला की १०डब्ल्यू-३० (पातळ ऑइल) सोडा, २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) टाका, धूर थांबतो’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. धूर थोडा कमी दिसतोही, म्हणून पटतं. पण इंजिनमधली झीज तशीच राहते. उलट साताऱ्याच्या थंडीत सकाळी जाड ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा इंजिनच्या वरच्या बाजूचा भाग) उशिरा पोहोचतं.

आधी धूर बघा. स्टार्ट करताच निळा येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हजवळून ऑइल आत उतरू न देणारं रबर) गेलंय. यवतेश्वरच्या चढाला येतच राहिला तर पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीची कडी) झिजलीय. मग ऑइलची पातळी: स्कूटर मेन स्टँडवर, इंजिन बंद करून तीन मिनिटं थांबा, डिपस्टिक (पातळी मोजायची खुणांची पट्टी) पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा (बहुतेक मॉडेलना हीच पद्धत, तरी पुस्तिका बघाच). ५०० किलोमीटरनंतर परत मोजा. पातळी कमी दिसली तर पुस्तिकेतल्याच ग्रेडचं, ५०-५० मिली घाला. वरच्या खुणेपलीकडे नको.