आर्थर यंग : हेलिकॉप्टरपासून विश्वाच्या सात पायऱ्यांपर्यंत

वाशीतल्या एका सभागृहात मध्यंतरी चेतना आणि विज्ञान या विषयावर शिबिर झालं. तिथल्या वक्त्यांनी आर्थर मिडलटन यंग यांचं नाव घेतलं. हेलिकॉप्टरचा शोध लावणारा माणूससुद्धा शेवटी चेतनेकडेच वळला, असं त्यांचं म्हणणं. ऐरोलीच्या आमच्या अभ्यासगटातली दोन-तीन मुलं तिथे होती. त्यांनी येऊन विचारलं, ज्याने यंत्र खरोखर उडवून दाखवलं, त्याचं तत्त्वज्ञान चुकीचं कसं असेल? प्रश्न रास्त आहे. हो किंवा नाही म्हणून तो मिटवण्यापेक्षा या माणसाची सगळी वाटचाल समोर ठेवलेली बरी, म्हणून हे टिपण.

आधी एक दुरुस्ती. हेलिकॉप्टर एकट्या यंग यांचं नाही. जर्मनीत फॉके-वुल्फ कंपनीचं एफडब्ल्यू ६१ हे यंत्र १९३६ साली उडालं होतं. अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांचं व्हीएस-३०० १४ सप्टेंबर १९३९ रोजी जमिनीवरून उचललं गेलं. यंग यांचं श्रेय वेगळं आहे आणि ते तितकंच मोठं आहे. दोन पात्यांचं, साधं, सामान्य वैमानिकाला झेपेल असं हेलिकॉप्टर त्यांनी घडवलं. त्यांच्या रचनेवर बेतलेल्या बेल ४७ ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापरासाठी प्रमाणपत्र मिळालं. नागरी हेलिकॉप्टरला मिळालेलं हे जगातलं पहिलं प्रमाणपत्र. पुढे या जातीची ५,६०० हून अधिक हेलिकॉप्टरं बनली. कोरियाच्या युद्धात सुमारे १८,००० जखमी सैनिकांना याच यंत्राने इस्पितळापर्यंत पोचवलं. भारतीय हवाई दलाकडेही ती होती.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे. यंग यंत्राकडून तत्त्वज्ञानाकडे वळले, हा क्रमच उलटा आहे. त्यांना आधी तत्त्वज्ञानच करायचं होतं. ३ नोव्हेंबर १९०५ ला पॅरिसमध्ये जन्म, वडील अमेरिकेतले निसर्गचित्रकार, लहानपण पेनसिल्व्हेनियात. प्रिन्स्टनमधून गणित घेऊन १९२७ मध्ये ते बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळ्या विश्वाला कवेत घेणारा एक सिद्धांत घोळत होता. जग वस्तूंचं बनलेलं नसून प्रक्रियांचं बनलेलं आहे, अशी त्याची ढोबळ दिशा होती. पण लिहायला बसल्यावर त्यांना जाणवलं की आपल्याला जगाचा अनुभवच नाही. विचार खरे की नुसते सुंदर, हे कळायला हाताशी काही नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की आधी एखादी अवघड, प्रत्यक्षातली गोष्ट करून दाखवायची आणि तिच्याकडून शिकायचं. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात जाऊन कुठल्या शोधांवर काम करता येईल, याचा त्यांनी धांडोळा घेतला. जर्मन संशोधक आंटोन फ्लेटनर यांच्या पवनचक्कीचं चित्र त्यांच्या पाहण्यात आलं. तिच्या पात्यांच्या टोकांना छोटे पंखे बसवलेले होते. त्यावरून यंग यांनी हेलिकॉप्टर निवडलं.

पुढची बारा-तेरा वर्षं माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहेत. त्यांचं खरं विद्यापीठ तेच.

सुरुवातीची त्यांची प्रतिकृती फ्लेटनरच्या धर्तीवरची होती, पात्यांच्या टोकांना पंखे लावलेली. दहाएक वर्षं त्या कल्पनेशी झगडून त्यांनी ती सोडून दिली. पेनसिल्व्हेनियात पाओली इथे एक जुना गोठा विकत घेऊन त्यांनी तिथे कार्यशाळा थाटली. छोटी, विजेवर चालणारी मॉडेलं करायची, तारेने दुरून चालवायची, ती कोसळली की का कोसळली ते पाहायचं आणि पुन्हा जोडायची, हा त्यांचा दिनक्रम. अडचण एकच होती, पण ती जीवघेणी होती. पाती फिरवणारा खांब यंत्राच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असला की सांगाडा किंचित झुलला तरी पात्यांचं चक्रही त्याबरोबर झुकतं. चक्र झुकलं की यंत्र त्या बाजूला ओढलं जातं, सांगाडा आणखी झुलतो, हेलकावे वाढत जातात आणि यंत्र उलटतं.

यंग यांनी काढलेलं उत्तर पाहायचं असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जावं. तिथे मिळणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर, पात्यांना आडवा असा एक बारीक दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना वजनं असतात. मुलांना तो शोभेचा वाटतो. तो फिरू लागला की जायरोस्कोपसारखा वागतो, म्हणजे आपलं प्रतल सहजासहजी सोडत नाही. पात्यांचा कोन या दांड्याशी जोडला की खालचा सांगाडा कितीही डुललो म्हणाला तरी पात्यांचं चक्र त्याचं ऐकत नाही, दांड्याचं ऐकतं. यंग यांच्या रचनेत हा दांडा पात्यांच्या खाली, त्यांना काटकोनात होता. बेल ४७ मध्ये तो होता, नंतरच्या प्रसिद्ध ह्यूई हेलिकॉप्टरमध्येही होता. खेळण्यातला दांडा त्याच घराण्यातला.

१९४१ च्या शरद ऋतूत त्यांनी हे मॉडेल बफेलो शहरात बेल एअरक्राफ्ट कंपनीला उडवून दाखवलं आणि नोव्हेंबरात करार झाला. कंपनी लढाऊ विमानांच्या कामात बुडालेली होती. यंग, त्यांचे जुने सहकारी बार्ट्रम केली आणि मोजके कारागीर गार्डनव्हिल इथल्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसले. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या पट्ट्यात ज्यांनी लेथवर उभं राहून काम केलंय, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मोठ्या कारखान्यापासून दूर एक शेड, नकाशे कमी, हातावरचा अंदाज जास्त, बिघाड झाला की सगळेच त्याच्याभोवती. डिसेंबर १९४२ अखेर बेल ३० हे पहिलं पूर्ण आकाराचं यंत्र दोराने बांधून उचललं गेलं. त्यानंतर सव्वातीन वर्षांत प्रमाणपत्र हाती आलं. वैमानिकाला सगळीकडचं दिसावं म्हणून केलेला काचेसारखा गोल फुगा हाही याच गॅरेजातल्या कामातून आला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पुढे बेल ४७ डी १ आपल्या संग्रहात घेतलं, ते याच रूपामुळे.

१९४७ मध्ये, यश ऐन भरात असताना, यंग कंपनीतून बाहेर पडले. त्या वर्षांतली त्यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. त्यात ते हेलिकॉप्टरला पुढे जोड देणारा 'सायकॉप्टर' हा शब्द वापरतात. पंख फुटलेला आत्मा, असा काहीसा त्याचा आशय. यंत्र ही शिकवणी होती, खरं काम आता सुरू, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यात फसवणूक कुठेही नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. पैसा आणि कीर्ती मिळवून झाल्यावर त्यांनी पंचविशीत बाजूला ठेवलेली वही पुन्हा उघडली, इतकंच.

१९५२ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात चेतनेच्या अभ्यासासाठी प्रतिष्ठान काढलं. फलज्योतिष, अतींद्रिय अनुभव, योग, पुराणकथा, सगळ्यांचा अभ्यास सुरू झाला. इथे एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. आंद्रिया पुहारिच नावाचे एक डॉक्टर, स्वतःही उपकरणांची पेटंटं घेणारे संशोधक, मेन राज्यात 'राउंड टेबल फाउंडेशन' चालवत असत. पुण्याचे डॉ. डी. जी. विनोद, म्हणजे आपल्याकडे महर्षी न्यायरत्न विनोद म्हणून ओळखले जाणारे विद्वान, तेव्हा अमेरिकेत होते. पुहारिच यांनी नंतर लिहिलेल्या हकिकतीनुसार ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री विनोद समाधीसारख्या अवस्थेत गेले आणि त्यांच्या मुखातून स्वतःला 'नऊ तत्त्वं' म्हणवणाऱ्या शक्ती बोलू लागल्या. जून १९५३ मधल्या दुसऱ्या बैठकीला आर्थर आणि त्यांच्या पत्नी रूथ यंग हजर होते. परग्रहावरच्या शक्तींचा जो संप्रदाय अमेरिकेत पुढे फोफावला, त्याची एक मुळी या बैठकांत आहे. गोठ्यात बसून, मॉडेल का पडलं याची कारणं वर्षानुवर्षं शोधणारा माणूस अशा खोलीत येऊन बसतो, तेव्हा त्याच्या हातातलं एक हत्यार सुटलेलं असतं. पडायला तिथे काही नसतं.

यंग यांची मुख्य मांडणी मात्र या बैठकांपेक्षा बरीच बांधीव आहे. १९७६ साली त्यांची 'द रिफ्लेक्सिव्ह युनिव्हर्स' आणि 'द जिऑमेट्री ऑफ मीनिंग' ही दोन पुस्तकं आली. त्याआधी कॅलिफोर्नियात बर्कली इथे त्यांची दुसरी संस्था उभी राहिली होती.

सुरुवात ते प्लांकच्या स्थिरांकापासून, म्हणजे क्रियेच्या सर्वात लहान एककापासून, करतात. निसर्गात क्रिया नेहमी पूर्ण एककांत येते, अर्धी येत नाही, हे पुंजभौतिकीने दाखवलं. यंग म्हणतात, माणसाचा निर्णयही तसाच असतो, दीड निर्णय कुणी घेत नाही. म्हणून प्रकाशाचा कण म्हणजे हेतूचा सर्वात साधा अंश. या 'म्हणून'पाशी थांबायला हवं. दोन गोष्टी पूर्णांकांत मोजल्या जातात एवढ्यावरून त्या एकाच जातीच्या ठरत नाहीत. तलावपाळीवरच्या होड्याही पूर्णांकांतच मोजतात.

पुढे सात पायऱ्या येतात : प्रकाश, मूलकण, अणू, रेणू, वनस्पती, प्राणी, मनुष्य. प्रकाश पूर्ण मोकळा. तिथून खाली उतरताना मोकळीक कमी होत रेणूपाशी ती जवळजवळ संपते. मग वनस्पतीपासून चढ सुरू होतो आणि माणसापाशी स्वातंत्र्य परत मिळतं. प्रत्येक पायरीच्या पोटात पुन्हा सात उपपायऱ्या. आपल्याकडे सप्तलोक आणि सप्तचक्रं कानावर पडत मोठं झालेल्या माणसाला हे ऐकताच पटल्यासारखं वाटतं. शिबिरांमध्ये ही आकृती इतकी चटकन रुजते, त्याचं कारण मला यातच दिसतं.

'जिऑमेट्री'मधला एक विचार मात्र मला आजही मोलाचा वाटतो. स्थान बदलण्याचा दर म्हणजे वेग, वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. त्वरण बदलण्याच्या दराला शाळेतल्या भौतिकीत फारशी जागा नसते. यंग म्हणतात, नियंत्रण तिथे असतं. घोडबंदर रोडवर गाडी चालवणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय कमी-जास्त करतो तेव्हा तो त्वरणच बदलत असतो. गाडीचा नियम सांगता येतो, पण पाय कधी उचलला जाईल हे त्या नियमात नसतं. ज्याने अनेक वर्षं दुरून मॉडेल उडवली, त्यालाच सुचावा असा हा विचार. अडचण अशी की ते इथे थांबत नाहीत. भौतिकीतल्या बारा मापांची ते वर्तुळावर मांडणी करतात आणि ती बारा राशींशी जुळवतात. कुठलं माप कुठल्या राशीत जावं याला प्रयोगाची कसोटी नाही. जुळणी वेगळी केली असती तर काय बिघडलं असतं, याला उत्तर नाही.

अशा मांडणीला छद्मविज्ञान, म्हणजे विज्ञानासारखं दिसणारं पण कसोटीला न लागणारं, म्हणताना मला हेच म्हणायचं असतं. यंग यांची बुद्धी १९४७ नंतर उणी झाली नव्हती. चुकीचा दांडा लावला की मॉडेल त्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर आपटायचं. चुकीची पायरी लावली तर आकृती होती तशीच राहायची. भौतिकीच्या अभ्यासकांनी या पुस्तकांकडे लक्ष दिलं नाही, त्यामागे कटकारस्थान नव्हतं. तपासून पाहावं असं भाकीत त्यांना त्यात सापडलं नाही.

भारतात पूर्वीच विमानं होती, या आपल्याकडच्या चर्चेशी याची गल्लत होऊ देऊ नये. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत विमान उडवल्याच्या कथेला समकालीन भक्कम पुरावा नाही. 'वैमानिक शास्त्रा'तली यंत्रं उडू शकत नाहीत आणि तो ग्रंथ १९०४ पेक्षा जुना नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं. तिथे यंत्रच उडालेलं नाही, त्यामुळे निकाल सोपा. यंग यांचं यंत्र उडालं, म्हणून त्यांचा दाखला देणाऱ्याला उत्तर देताना जास्त कष्ट घ्यावे लागतात. ते घ्यायला हवेत, कारण समोरचा माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याला विज्ञानाबद्दल आदर असतो आणि म्हणूनच तो शास्त्रज्ञाचं नाव घेतो.

३० मे १९९५ रोजी बर्कली इथे यंग यांचं निधन झालं. अभ्यासगटातल्या मुलांसाठी त्यांच्या मांडणीतली एक जागा मी बाजूला काढून ठेवली आहे. अणूच्या पायरीच्या सात उपपायऱ्या म्हणजे आवर्तसारणीतल्या सात आडव्या ओळी, असं ते सांगतात, आणि सात या संख्येचा तो मोठा आधार मानतात. ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावं मिळाली आणि सातवी ओळ भरली. जपानच्या रिकेन संस्थेत क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून ११९ वं मूलद्रव्य घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते सापडलं तर आठवी ओळ सुरू होते. सात पायऱ्या सांगणाऱ्यांना वाशीत पुन्हा गाठ पडल्यावर हाच प्रश्न विचारायचा, असं मुलांनी ठरवलंय : ११९ सापडलं, तर तुम्ही आकृती बदलाल का?