बाटलीतली शाई आणि भिंतीवरचा फोटो : रिफिल शाईंच्या तुलनेमागचा इतिहास

घरच्या फोटो प्रिंटरसाठी बाहेरची शाई घ्यायला गेलेल्या ग्राहकाला दुकानात साधारण तीन गोष्टी सांगितल्या जातात : रंग ओरिजिनलसारखाच येतो, हेड (शाईचे थेंब सोडणारा बारीक छिद्रांचा भाग) जाम होत नाही आणि पैसे निम्म्याहून कमी लागतात. ही तिन्ही विधाने पुष्कळदा खरीही असतात. मात्र छापलेला फोटो किती वर्षे टिकेल, असे विचारले की उत्तर गुळमुळीत होते. त्यात एकट्या दुकानदाराचा दोष नाही. रिफिल शाईचा धंदा ज्या क्रमाने वाढला, त्या क्रमात टिकाऊपणाचा प्रश्न सर्वांत शेवटी आला, आणि तो आला तेव्हाही प्रथम मूळ कंपन्यांच्याच अंगाशी आला.

इंकजेटची, म्हणजे शाईचे थेंब कागदावर उडवून छापणाऱ्या प्रिंटरची, सुरुवात दोन वेगवेगळ्या तत्त्वांवर झाली. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार करून शाईचा थेंब बाहेर ढकलण्याची कल्पना त्यातून पुढे आली. दोन वर्षांनी अमेरिकेत एचपीचे संशोधकही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये, तर कॅननचा बीजे-८० त्याच्या पुढच्या वर्षी बाजारात आला. एप्सनने मात्र उष्णता टाळली. विजेचा दाब दिला की किंचित वाकणाऱ्या पिझो स्फटिकाच्या धक्क्याने थेंब सोडण्याची पद्धत तिने स्वीकारली आणि १९९३ च्या स्टायलस ८०० या प्रिंटरपासून ती टेबलावरच्या यंत्रांत रुळवली.

रिफिल करणाऱ्यासाठी महत्त्वाचा प्रश्न होता तो हेड कुठे बसवले आहे हा. एचपीने १९८८ च्या डेस्कजेटमध्ये हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या बदलता येणाऱ्या डबीलाच, जोडलेले ठेवले होते. त्यामुळे सिरिंजने त्यात भलतीसलती शाई भरली आणि छिद्रे बुजली, तरी नुकसान एका कार्ट्रिजपुरते राही. एप्सनचे हेड यंत्रातच कायमचे बसवलेले असल्याने तिथे चुकीच्या शाईची किंमत जवळजवळ अख्ख्या प्रिंटरएवढी पडे. कॅननच्या अनेक फोटो प्रिंटरांत हेड वेगळे काढता येत असे, म्हणजे धोका या दोहोंच्या मधला होता. ‘ही शाई चांगली आहे का’ या प्रश्नाचा मूळ अर्थ ‘या शाईने माझे यंत्र बिघडेल का’ असाच राहिला, त्याचे कारण या रचनेत आहे.

सुरुवातीच्या काळात कोणत्याही प्रिंटरला चालणारी ‘युनिव्हर्सल’ शाई सर्रास विकली जाई. इंकजेटच्या शाईत बहुतांश पाणीच असते. त्यात रंगद्रव्य, छिद्रे सुकू नयेत म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये आणि बुरशी रोखणारे रसायन मिसळलेले असते. घटकांची नावे सारखी असली तरी प्रमाण सारखे असून चालत नाही. उष्णतेवर चालणाऱ्या हेडमध्ये तापक पट्टीला टेकलेली शाई क्षणार्धात सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते आणि अशुद्ध शाई तिथे करपून थर धरते. पिझो हेडला शाई करपण्याची भीती नाही, पण दाटपणा आणि पृष्ठताण ठरलेल्या मर्यादेत नसतील तर थेंबांचा आकार बिघडतो. कार्यालयातील पत्रे छापताना हा फरक लक्षात येत नसे, परंतु फोटो छापू लागल्यावर तो दिसू लागला.

फोटोच्या दिशेने मोठे पाऊल पडले ते १९९४ च्या एप्सन स्टायलस कलरने, कारण त्याने ७२० डीपीआयची (एका इंचात ७२० ठिपक्यांची) छपाई घरगुती किमतीत आणली. १९९६ च्या स्टायलस फोटोमध्ये नेहमीच्या चार शाईंबरोबर फिकी निळी आणि फिकी किरमिजी अशा आणखी दोन शाई आल्या. चेहऱ्याच्या त्वचेवर किंवा आकाशात पूर्वी जे ठिपके दिसत, ते या दोन शाईंमुळे नाहीसे झाले. रिफिल करणाऱ्यांच्या दृष्टीने ही अडचणीची गोष्ट होती. या फिक्या शाईंमध्ये रंगद्रव्य मुळातच कमी असते, त्यामुळे त्या सर्वांत आधी उडतात; आणि माणसाचा चेहरा बव्हंशी त्यांच्यातूनच छापला जातो. स्वस्त शाईने छापलेल्या फोटोत कपड्यांचे गडद रंग शाबूत राहतात आणि चेहरा मात्र पांढुरका किंवा तांबूस दिसू लागतो, त्यामागे हे कारण असते.

टिकाऊपणाची चर्चा मात्र घरगुती प्रिंटरपासून सुरू झाली नव्हती. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी आपली छायाचित्रे छापण्यासाठी १,२६,००० डॉलर किमतीचा आयरिस ३०४७ हा प्रिंटर घेतला आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईशाळा सुरू केली. आयरिस हे यंत्र मुळात छापखान्यांसाठी प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, काढणारे होते. प्रूफ आठवडाभर टिकले तरी काम भागे, म्हणून त्याच्या शाईचे आयुष्य कोणी मोजले नव्हते. त्याच यंत्रावर कलादालनांसाठी चित्रे छापली जाऊ लागली, तेव्हा काही वर्षांत ती फिकी पडतात हे उघड झाले. तिथे बाहेरच्या शाईला प्रथमच प्रतिष्ठित स्थान मिळाले, कारण ब्रिटनच्या लायसनसारख्या कंपन्यांनी आयरिससाठी अधिक टिकाऊ शाई तयार करून दिली. ‘बाहेरची शाई म्हणजे हलकी शाई’ हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही, याचा हा जुना दाखला आहे. दुसरा दाखला अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जॉन कोन यांचा आहे. त्यांनी पिझोग्राफी या पद्धतीत एप्सनच्या यंत्रात रंगीत शाईंच्या जागी काळ्या कार्बन पिगमेंटच्या (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) निरनिराळ्या छटा भरल्या आणि त्या काळी मूळ शाईला न जमणारी कृष्णधवल छपाई करून दाखवली. ही शाई विकली गेली ती गुणवत्तेच्या बळावर. स्वस्ताई हा तिचा मुद्दाच नव्हता.

यानंतरचा २००० सालचा प्रसंग या सगळ्या इतिहासात सर्वांत बोधक वाटतो. एप्सनने त्या वर्षी स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर आणले आणि त्यांची छपाई अनेक वर्षे टिकेल अशी जाहिरात केली. हा अंदाज प्रकाशाच्या चाचणीवर आधारलेला होता. प्रत्यक्षात काही ग्राहकांच्या घरी उघडे ठेवलेले फोटो थोड्याच आठवड्यांत, क्वचित काही दिवसांतच, नारिंगी पडले, तर शेजारच्या गावात तोच कागद आणि तीच शाई ठणठणीत राहिली. शोध घेतल्यावर दोषी ठरला तो प्रकाश नव्हे, तर हवेतला ओझोन. निळ्या शाईतले रंगद्रव्य ओझोनने मोडत होते आणि निळा गेला की उरलेल्या किरमिजी व पिवळ्यातून नारिंगी रंग वर येतो. नव्या चकचकीत कागदांचा लेप सूक्ष्म छिद्रांचा असल्याने शाई झटकन वाळत असे. पण त्याच छिद्रांतून हवाही रंगद्रव्यापर्यंत सहज पोहोचत होती. काचेच्या फ्रेममध्ये ठेवलेले फोटो बचावले, कारण काचेने हवा अडवली. मूळ कंपनीची, मूळ कागदावरची आणि चाचणी झालेली शाईसुद्धा चुकीच्या चाचणीमुळे फसू शकते, हे त्या वर्षी दिसले.

त्याच वर्षी एप्सनने स्टायलस फोटो २०००पी हा पिगमेंट शाईचा प्रिंटर आणला. डाय या प्रकारचा रंग पाण्यात पूर्ण विरघळतो, तर पिगमेंटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यामुळे प्रकाश व वायू दोहोंना अधिक काळ तोंड देतात. त्या यंत्राचे फोटो टिकत, पण घरच्या दिव्याखाली योग्य दिसणारा राखाडी रंग उन्हात हिरवट दिसे. एप्सनच्याच २००२ च्या अल्ट्राक्रोम शाईने हा दोष बराच कमी केला. डायच्या बाजूनेही सुधारणा झाली : कॅननने २००५ मध्ये क्रोमालाइफ१०० आणि एप्सनने २००६ मध्ये क्लॅरिया ही शाई आणली. क्रोमालाइफच्या नावातला शंभरचा आकडा अल्बममध्ये बंद ठेवलेल्या फोटोसाठी होता. प्रकाशासाठी कंपनीचाच दावा ३० वर्षांचा आणि वायूंसाठी १० वर्षांचा होता. नावात कोणता आकडा घातला आणि कोणते दोन मागे ठेवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वर्षांचे हे आकडे कसे निघतात हेही पाहावे लागते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या गावी हेन्री विल्हेम यांच्या विल्हेम इमेजिंग रिसर्च या संस्थेने तीव्र प्रकाशात नमुने ठेवून घरातील आयुष्याचा अंदाज काढण्याची पद्धत रूढ केली. त्यात घरात रोज १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे माप) उजेड असतो असे धरले जाते. कोडॅकने हाच हिशोब १२० लक्स धरून केला. म्हणजे एकच फोटो एका हिशोबाने २५ वर्षे टिकेल, तर दुसऱ्याने जवळजवळ शंभर. मार्क मॅककॉर्मिक-गुडहार्ट यांच्या आर्डेनबर्ग इमेजिंग या उपक्रमाने म्हणूनच वर्षांऐवजी फोटोवर पडलेला एकूण प्रकाश मेगालक्स-तासांत (दहा लाख लक्स गुणिले तास) देण्याचा मार्ग धरला. वापरणाऱ्यांनी पाठवलेले बाहेरच्या शाईंचे नमुनेही तिथे तपासले गेले. अशा चाचण्या महिनोन् महिने चालतात आणि त्यांना पैसाही लागतो. लिटरच्या भावाने शाई विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला त्या परवडत नाहीत, आणि परवडल्या तरी पुढच्या खेपेत रंगद्रव्य कोणत्या कारखान्यातून येईल याची त्याला स्वतःला खात्री नसते. निकाल हाती येईपर्यंत ती बाटली बाजारातून गेलेली असते.

या दरम्यान कंपन्या आणि रिफिलवाले यांची झुंज चालली होती ती वेगळ्याच मैदानावर. प्रिंटर स्वस्त विकायचा आणि नफा शाईवर काढायचा, हा धंद्याचा पाया होता. कॅननच्या सीएलआय-८ सारख्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम १३ मिलीलीटर शाई असे. कार्ट्रिजवर चिप आल्या, मग त्या चिप रीसेट करणारी उपकरणे आली. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी बाहेरची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. न्यायालयांचे कौलही एकसारखे नव्हते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २००७ रोजी कॅननच्या बाजूने निकाल देऊन, धुऊन पुन्हा भरलेले कार्ट्रिज विकणे हा पेटंटचा भंग ठरवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजसंबंधी खटल्यात, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंट हक्क संपतो, असे सांगितले. या वादांनी वर्तमानपत्रांच्या जागा भरल्या खऱ्या, पण शाई उतरते की टिकते याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

आपल्याकडच्या परिस्थितीला आकार मिळाला तो नळ्यांनी. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या ठेवून बारीक नळ्यांनी ती कार्ट्रिजपर्यंत नेण्याची सीआयएसएस ही जुळणी आग्नेय आशियात आणि भारतात झपाट्याने पसरली. बाटल्या हेडच्या पातळीपेक्षा वर ठेवल्या तर शाई गळते, फार खाली ठेवल्या तर नळीत हवा शिरते, हे शहाणपण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांपासून तालुक्याच्या फोटो स्टुडिओपर्यंत सर्वांनी यंत्रे बिघडवत मिळवले. आपला ग्राहक नळ्या लावतोच आहे हे पाहून एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेले एल मालिकेचे प्रिंटर आणले आणि लवकरच ते भारतातही आले. सहा रंगांचा एल८०० आणि पुढे एल८०५ हे महाराष्ट्रातल्या असंख्य स्टुडिओंमध्ये पासपोर्ट फोटोंचे मुख्य यंत्र झाले. त्यावर प्लास्टिकची ओळखपत्रेही छापली जाऊ लागली. कॅनन आणि एचपी यांनीही नंतर टाक्यांचे प्रिंटर काढले.

टाकीने किमतीचे गणित पालटले. कार्ट्रिजच्या काळात मूळ आणि बाहेरच्या शाईच्या दरांत प्रचंड अंतर होते. ७० मिलीलीटरची मूळ बाटली मिळू लागल्यावर ते खूपच कमी झाले. तरीही लिटरच्या कॅनमधली शाई स्टुडिओंत टिकून आहे, आणि त्याला कारणही आहे : पासपोर्ट फोटो अर्जावर चिकटवून कार्यालयात जमा झाला की त्याचे काम संपते. तिथे रंग आणि हेड या दोनच कसोट्या पुरतात. लग्नाचा फोटो फ्रेम न करता कोकणातल्या दमट भिंतीवर लावायचा असेल, तर तीच शाई तपासण्याचे निकष बदलतात. त्यात एक गफलत नेहमी होते : कंपनी तीच असली तरी तिच्या कार्ट्रिजमधली आणि टाकीच्या बाटलीतली शाई एकच असते असे नाही, त्यामुळे कार्ट्रिजसाठी जाहीर झालेले आयुष्य बाटलीला जोडणे चुकीचे ठरते.

हौशी छायाचित्रकार गेली अनेक वर्षे वापरतात ती घरगुती चाचणी या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटते. एकाच कागदावर मूळ आणि बाहेरच्या शाईने त्वचेच्या व राखाडी छटांच्या पट्ट्या छापायच्या, प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि त्या खिडकीत काचेविना ठेवायच्या. दुसरा संच अंधाऱ्या पण वाऱ्याच्या जागी टांगायचा. पहिला संच प्रकाशाचे आणि वायूचे एकत्रित काम दाखवतो, दुसरा एकट्या वायूचे. २००० साली ज्या चाचणीवर भरवसा ठेवला गेला, तिच्यात हा दुसरा संच नव्हता.