चाळीस यार्डांचा आकडा आणि थांबण्याचे विज्ञान

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांसाठी नव्या खेळाडूंची निवड एप्रिलमध्ये होते आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत एका प्रश्नावर न चुकता खल चालतो: आपल्या रिसीव्हरांच्या पायांत पुरेसा वेग आहे का? क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू पुढे धावत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर आणि त्याची पाठ न सोडणारा प्रतिस्पर्धी म्हणजे कॉर्नरबॅक. इंडियानापोलिस येथे दरवर्षी भरणाऱ्या ‘कंबाइन’ या चाचणी शिबिरात ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर, सरळ रेषेत धावायला खेळाडूला किती वेळ लागला, यावरून या प्रश्नाचे उत्तर ठरवले जाते. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ सेकंदांत हे अंतर कापून जॉन रॉसचा ४.२२ सेकंदांचा विक्रम मोडला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. याच संघाने २०२२ मध्ये टायरीक हिलसारखा अतिवेगवान रिसीव्हर मायामीच्या संघाला देऊन टाकला होता आणि त्यानंतर लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले होते, हे मात्र वेगाचा आग्रह धरणारे सहसा विचारात घेत नाहीत.

रॉसने २०१७ मध्ये विक्रम केला, त्याच शिबिरात कूपर कप नावाचा रिसीव्हर ४.६२ सेकंदांत धावला होता. रॉसची निवड नवव्या क्रमांकावर झाली, कपची तिसऱ्या फेरीत. दुखापतींनी ग्रासलेल्या रॉसची संपूर्ण कारकिर्दीतील झेलांची कमाई, म्हणजे झेल घेऊन संघाला पुढे नेलेले अंतर, एक हजार यार्डांपर्यंतही पोचली नाही, तर कपने २०२१ च्या एकाच हंगामात १४५ झेल, १९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) अशी नोंद करून तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. एका जोडीवरून नियम सिद्ध होत नाही हे खरे, पण सरळ धावण्याचा वेग कळीचा असता तर ४ दशांश सेकंदांची ही तफावत इतकी निष्प्रभ ठरली नसती.

याचे कारण खेळाच्या वेळापत्रकातच आहे. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू सरासरी अडीच ते तीन सेकंदच राहतो आणि बहुतेक पास १५ यार्डांच्या आतले असतात. ४० यार्डांसाठी ४.४ सेकंद घेणारा खेळाडू ४.६ सेकंद घेणाऱ्यापेक्षा शेवटच्या रेषेवर सुमारे १.९ मीटर पुढे असतो; पण दोघांचा वेग सारख्याच प्रमाणात वाढतो असे धरले, तर पहिल्या १० यार्डांवर हे अंतर जेमतेम अर्धा मीटर भरते. झेल घेण्यासाठी लागणारी मोकळी जागा एवढ्याने मिळत नाही. ती मिळते थांबण्यातून, आणि या खेळातले मला सर्वांत विलक्षण वाटणारे विज्ञान इथेच आहे.

समजा, रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक दोघेही सेकंदाला ८ मीटर या वेगाने खांद्याला खांदा लावून धावत आहेत आणि रिसीव्हर एकाएकी थांबून क्वार्टरबॅककडे वळतो. कुठे थांबायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते. कॉर्नरबॅकला मात्र आधी ती हालचाल दिसावी लागते, मग त्याच्या मेंदूकडून स्नायूंना आदेश जावा लागतो, आणि याला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो. दोघांची वेग कमी करण्याची क्षमता अगदी सारखी असली, तरी दोघे थांबल्यावर त्यांच्यात पडणारे अंतर म्हणजे वेग गुणिले विलंब, अर्थात १.६ मीटर. चाळीस यार्डांच्या शर्यतीत जे अंतर मिळवायला जन्मजात वेग आणि अनेक वर्षांचा सराव लागतो, जवळजवळ तेवढे अंतर इथे समोरच्याच्या प्रतिक्रियेला लागणाऱ्या वेळातून हाती येते. खो-खोमध्ये पळणारा खेळाडू हुलकावणी देऊन निसटतो, तेव्हाही हेच घडते.

अर्थात, थांबणे स्वस्त नसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९० किलोच्या खेळाडूची ऊर्जा सेकंदाला ८ मीटर वेग असताना २८८० ज्यूल असते आणि ९ मीटर असताना ३६४५ ज्यूल होते. वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरले, तर पहिल्याला थांबायला ५.३ मीटर लागतात आणि दुसऱ्याला ६.७५ मीटर, म्हणजे वेग आठव्या हिश्श्याने वाढला की थांबण्याचे अंतर चौथ्या हिश्श्याहूनही जास्त वाढते. पाय जमिनीवर रोवला की घर्षण पावलाला मागे खेचते, पण वरचे शरीर जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते आणि खेळाडू तोंडघशी पडण्याच्या बेतात येतो. ते टाळण्यासाठी त्याला पाऊल शरीराच्या गुरुत्वमध्याच्या बरेच पुढे टाकावे लागते. मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, आणि गुरुत्वीय त्वरण यांचे गुणोत्तर ०.६१ येते, म्हणजे पावलापासून गुरुत्वमध्यापर्यंतची रेषा उभ्या रेषेपासून सुमारे ३१ अंश मागे कललेली असायला हवी. चांगला रिसीव्हर शेवटच्या काही पावलांत कंबर खाली घेतो, पावले आखूड व जलद टाकतो आणि बुटांचे खिळे गवतात रुतवतो, ते याचसाठी. या क्षणी मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू ताणले जात असतानाच आकुंचनाचा जोर लावत असतात. अशा स्थितीत स्नायू अधिक बल देऊ शकतो, पण त्याला इजाही याच स्थितीत अधिक होते.

पाऊल रोवण्याच्या बरेच आधी कंबर खाली गेली, तर कॉर्नरबॅक सावध होतो. प्रशिक्षक त्याला रिसीव्हरच्या डोळ्यांऐवजी कंबरेवर नजर ठेवायला सांगतात ते उगाच नव्हे. ज्या रिसीव्हरची कंबर कमीत कमी वेळ आधी हा बेत उघड करते, त्याच्या पदरात ते ०.२ सेकंद पुरेपूर पडतात.

मग वेग निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा बॉब हेज पुढच्याच वर्षी डॅलस काउबॉइजकडून खेळू लागला, तेव्हा एकेका बचावपटूला त्याच्यामागे पळवणे अशक्य झाले आणि प्रतिस्पर्ध्यांना मैदानाचे विभाग वाटून बचाव करावा लागला. मागे पडण्याच्या धास्तीने कॉर्नरबॅक आधीच पूर्ण वेगात पळू लागला, तर वर काढलेल्या गुणाकारातला वेग वाढतो आणि थांबणाऱ्या रिसीव्हरचा लाभही वाढतो. परंतु १९८१ मध्ये ११० मीटर अडथळा शर्यतीत १३ सेकंदांच्या आत धावणारा पहिला माणूस, रेनाल्डो नेहेमाया, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून रिसीव्हर म्हणून खेळला आणि फारसा चमकला नाही, हेही त्याच इतिहासात आहे.

वेगाच्या या वेडाचा फायदा घेणारा एक बाजारही उभा राहिला आहे. एसीटीएन-३ या जनुकाची चाचणी करून मूल वेगवान होईल की नाही ते सांगतो, असा दावा करणाऱ्या कंपन्या पालकांना गाठतात. धावण्याच्या वेगातील फरकाचा अत्यल्प भागच या जनुकाने स्पष्ट होतो आणि खेळाडू निवडण्यासाठी अशा चाचण्या वापरू नयेत, असे क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकमुखाने नमूद केले आहे. विज्ञानाची परिभाषा वापरली म्हणून पत्रिका पाहण्याचे शास्त्र होत नाही. शिवाय कंबाइनमधील घड्याळ खेळाडूची पहिली हालचाल पाहून माणूस हाताने सुरू करतो, मग ४.२१ आणि ४.२२ यांतील शतांश सेकंदाला कितीसा अर्थ उरतो?

आज प्रत्येक खेळाडूच्या खांद्यावरील कवचात बसवलेले संवेदक सेकंदाला दहा वेळा त्याचे स्थान नोंदवतात. त्या नोंदींवरून मंदनाचा दर काढता येतो. तरीही प्रक्षेपणात मिरवला जातो तो कमाल वेग. कंबाइनमध्येही ५ यार्ड एका बाजूला, मग १० यार्ड उलट आणि पुन्हा ५ यार्ड, अशी थांबण्याचा खरा कस पाहणारी चाचणी आहे, पण हल्ली अनेक नामांकित रिसीव्हर ती देतच नाहीत आणि निवड करणारे संघ ते चालवून घेतात.