प्रौढांतील अवधानदोष : औषध व पर्यायांची निवड (कोकण किनारा)

प्रौढांतील अवधानदोष : लक्ष टिकवणे, काम सुरू करणे, वेळेचा अंदाज घेणे आणि मनाचा आवेग आवरणे यांत लहानपणापासून असलेली व मोठेपणीही न ओसरलेली अडचण. वैद्यकीय परिभाषेत अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, बोलण्यात ‘एडीएचडी’. कोकणात वेंधळा, धांदरट, आरंभशूर ही विशेषणे आणि ‘ध्यान खंय आसता तुजा?’ हा मालवणी प्रश्न एवढ्यावर आजवर भागत आले आहे. प्रौढांत या विकाराचे प्रमाण सुमारे 2.5 टक्के मानतात. गोळी घ्यावी का, कोणती, तिच्याऐवजी किंवा तिच्या जोडीला काय करावे, आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर हा निर्णय कसा होतो, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

निदान : औषधाचा विचार निदान पक्के झाल्यावरच करायचा असतो, आणि घाई नेमकी इथेच होते. यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅनही नाही. 2013 पासून प्रचलित असलेल्या अमेरिकी निकषांनुसार 17 वर्षे व त्यापुढील व्यक्तीत अवधानाच्या किंवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच दिसावी लागतात, त्यांतली काही वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात आणि घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा त्रास व्हावा लागतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आईला किंवा मोठ्या भावंडांना सोबत बोलावतात. ट्रंकेच्या तळाशी पडलेले प्रगतिपुस्तक आणि त्यातला ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ हा गुरुजींचा शेरा इथे महत्त्वाचा पुरावा ठरतो. ज्याचा विसराळूपणा चाळिशीत सुरू झाला, त्याच्या बाबतीत आधी दुसरीकडे शोध घ्यावा : थायरॉइड, रक्तक्षय, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, दारू. विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाला तपासायला नेलेल्या आईला किंवा बापाला तिथे बसल्या बसल्या स्वतःचे बालपण आठवते, असेही होते.

किनाऱ्यावरची काही कामे हा दोष झाकून टाकतात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, बर्फ वितळत असतो, लिलाव कोणासाठी थांबत नाही. बाहेरून इतका रेटा असला की असा माणूस इतरांपेक्षा तल्लखही वाटतो. तोच होडीच्या परवान्याचे नूतनीकरण, डिझेल परताव्याचे कागद, कर्जाचा हप्ता यांत बुडतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत जाळी विणायला भरपूर वेळ असतो आणि जाळी अर्धवट राहतात. आंबा बागायतदाराचेही तसेच : काढणीच्या हंगामात तो रात्रंदिवस राबतो, पण फवारणीच्या नोंदी त्याच्याकडे कधीच पूर्ण सापडत नाहीत. हा आळस नव्हे. त्यांचे लक्ष निकडीवर चालते, महत्त्वावर चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

औषधे : भारतात प्रामुख्याने दोन वापरतात. मिथिलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील रसायनज्ञ लेआंद्रो पानिझोन यांनी तयार केले; पत्नी रिटा हिच्या नावावरून ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव पडले. हे उत्तेजक वर्गातले औषध मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रिनलिन या संदेशवाहक रसायनांचे पुनर्शोषण रोखते, म्हणजे ती पेशींत परत ओढली जाऊ देत नाही. असर तासाभरात सुरू होतो. साधी गोळी सुमारे चार तास, दीर्घकाळ चालणारी आठ ते बारा तास पुरते. भूक मरणे, झोप उशिरा लागणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम. तीव्र हृदयविकार, काचबिंदू, अतिसक्रिय थायरॉइड किंवा भ्रम-भास होण्याचा इतिहास असेल तर सहसा टाळतात.

रक्तदाबाचा मुद्दा इथे जरा जास्त जपावा लागतो. पावसाळ्यात ज्या घरांत रोज सुके बांगडे, खारा आणि लोणचे असते, तिथे मीठ आधीच पोटात भरपूर जात असते. औषधाआधी आणि मात्रा वाढवताना प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून तारखेसह लिहून ठेवणे एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. पहाटे तीनला होडी काढणाऱ्याला ‘सकाळी नाश्त्यानंतर’ ही सूचना निरुपयोगी असते. त्याची सकाळ कधी असते हे डॉक्टरांना सांगावे लागते. माडी किंवा दारूसोबत हे औषध घेऊ नये.

दुसरे ॲटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही आणि त्याची चटक लागत नाही. पण फरक दिसायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. मळमळ, तोंड कोरडे पडणे, लघवीला अडखळणे, लैंगिक तक्रारी असे त्रास होऊ शकतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. क्वचित यकृताला इजा होते, आणि सुरुवातीच्या काळात, विशेषतः तरुणांत, आत्मघाताचे विचार येत नाहीत ना यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असतील तर ॲटोमॉक्सेटिनचे रक्तातील प्रमाण वाढते, तेव्हा ती नैराश्याची गोळी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

2018 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात 133 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात प्रौढांसाठी ॲम्फेटामिन हा उत्तेजक औषधांचाच दुसरा वर्ग सर्वांत परिणामकारक ठरला. ती औषधे भारतात नित्याच्या वापरात नाहीत. त्याच आढाव्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते : त्यातला भक्कम पुरावा साधारण बारा आठवड्यांपुरता आहे. स्वीडनमधील नोंदींवरून औषध चालू असलेल्या काळात पुरुषांचे गंभीर वाहन-अपघात कमी झाल्याचे दिसले. तिथल्याच नोंदींत अनेक वर्षांच्या वापराबरोबर उच्च रक्तदाबाचा धोका वाढलेलाही आढळला. मुंबई-गोवा महामार्गावर रोज दुचाकी हाकणाऱ्याने ही दोन्ही निरीक्षणे एकत्रच वाचावीत.

कायदा आणि अंतर : कोकणातली निवड बरीचशी इथेच ठरते. मिथिलफेनिडेट 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या मनावर असर करणाऱ्या द्रव्यांच्या सूचीत आहे आणि औषध नियमांच्या ‘अनुसूची एक्स’मध्येही, म्हणजे कडक नियंत्रणातील औषधांच्या यादीत. विकणाऱ्या दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतली एक दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. इतका खटाटोप एखाददुसऱ्या गिऱ्हाईकासाठी कोण करील? शिवाय 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुसूची एक्समधील औषध फोन किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. म्हणजे देवगडच्या माणसाला मुंबईचा तज्ज्ञ पडद्यावर भेटेल, पण या गोळीची चिठ्ठी देणार नाही. त्यासाठी समोर जाऊन बसावे लागते. ॲटोमॉक्सेटिनला हे बंधन नाही. तेव्हा लांबच्या गावात ‘आधी ॲटोमॉक्सेटिन’ असा सल्ला मिळाला, तर तो औषधाच्या गुणामुळे दिला की एसटीच्या वेळापत्रकामुळे, हे सरळ विचारावे. दोन्ही कारणे खरी आहेत, पण ती एक नाहीत.

समोरासमोर तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय, दक्षिणेकडच्यांना गोव्यातील बांबोळीचे मनोरुग्णालय आणि उत्तरेकडच्यांना पनवेल-मुंबई असे मार्ग आहेत. रत्नागिरीच्या इस्पितळाची ‘वेड्यांचे’ ही जुनी ओळख अजून पुसलेली नाही, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत गावचा कोणी भेटेल या धास्तीने दूरचा डॉक्टर गाठणारे आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत समुपदेशन मिळते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत अवधानदोषाचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्राची आशा धरू नये.

पर्याय : औषधाशिवायच्या उपायांत प्रौढांसाठी सर्वांत चांगला आधार बोधात्मक वर्तनोपचाराला आहे, तोही अवधानदोषासाठी बेतलेल्या. त्यात बालपण उकरत बसत नाहीत. एकच यादी, एकच वही, मोठ्या कामाचे तुकडे, आणि ‘नंतर करू’ म्हणताना मन काय सबब देते ते पकडणे, असा तो रोखठोक प्रकार आहे. तो मराठीतून व्हिडिओवर घेता येतो आणि त्याला कुठलीही अनुसूची आड येत नाही. व्यायामाने काही काळ लक्ष सुधारते. झोपेची घडी बसवणे जवळजवळ प्रत्येकाला लागते, कारण अशांपैकी अनेकांचे शरीर उशिरा झोपू पाहते.

ब्राह्मीबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण किनाऱ्यावर पहिला सल्ला तिचाच असतो. या एका नावाखाली दोन वनस्पती येतात : ओलाव्यात वाढणारी, लहान जाडसर पानांची जलब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी. परसातून आणलेली कुठली, हे आणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. स्मरणशक्तीवरच्या चाचण्या मुख्यतः जलब्राह्मीच्या अर्कावर झाल्या आहेत आणि त्यातला फायदा माफक आहे. प्रौढांच्या अवधानदोषावर ती गोळीची जागा घेईल असे म्हणण्याइतका पुरावा नाही. ब्राह्मीचे तेल डोक्याला थंड वाटते, ते वाटू द्यावे. पोटात घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

माशांतील ओमेगा-3 चा मुलांवरच्या काही चाचण्यांत किंचित उपयोग दिसला आहे. बांगडा आणि तारली यांत ते मुबलक असते. ज्याच्या ताटात आठवड्यातून चारदा बांगडा आहे त्याने त्याच्याच तेलाच्या महागड्या कॅप्सूल का घ्याव्यात, हे कळत नाही. न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर पाहत लक्ष साधण्याचा सराव, शहरांत मिळते. खर्चाच्या मानाने पुरावा तोकडा. देवाला कौल लावणे किंवा गाऱ्हाणे घालणे यावर औषधशास्त्राला काही म्हणायचे नाही. गुरवाने ‘डॉक्टरकडे जा’ असा कौल सांगितला तर घरातले म्हातारे गोळीला विरोध करत नाहीत, इतका व्यवहार तिथेही आहे.

निवड : त्रास सौम्य असेल आणि कामाची रचना बदलून भागत असेल, तर औषधाविना सुरुवात करण्यात काही गमावत नाही. नोकरी, संसार किंवा गाडी चालवणे धोक्यात असेल तर औषध आधी घ्यावे. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शिकेतला सर्वसाधारण क्रम असा आहे : आधी घर व कामाच्या परिसरात बदल, तरीही लक्षणे जाच करीत असतील तर औषध. गोळीने लक्ष बसू लागते, पण ते कुठे बसवायचे हे ती सांगत नाही; मोबाइलवर चार तास एकाग्रतेने घालवणेही तिच्यामुळे शक्य होते.

गर्भधारणेचा विचार असेल तर तो सुरुवातीलाच सांगावा. औषध सुरू करण्याआधी तीन ठरावीक गोष्टी निवडून दोन आठवडे नोंदवाव्यात, जसे किती हप्ते चुकले, किती वाजता झोपलो, घरच्यांना एकच गोष्ट किती वेळा सांगावी लागली. मग तीच नोंद औषधासह. घरातल्या दुसऱ्या माणसानेही वेगळी नोंद ठेवली तर उत्तम, कारण स्वतःत झालेला बदल अनेकदा आपल्याआधी बायकोला किंवा भावाला दिसतो. सावकाश लागू पडणारे ॲटोमॉक्सेटिन मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत सुरू करणे सोयीचे. मिथिलफेनिडेटची परीक्षा मात्र कामाच्या दिवसांतच होते. गणपतीच्या आठ दिवसांत, चाकरमान्यांनी भरलेल्या घरात, ती घेऊन काहीच कळत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांशी बसून औषध अजून लागते का हे तपासावे, आणि त्या भेटीला रक्तदाबाची वही सोबत न्यावी.